पिवळ्या जोडीची तपकिरी पिल्लं

२०१७ च्या मे महिन्यात, मस्कतच्या अझैबा भागातल्या एका बंगल्यात, एका पिवळ्या बोआ मादीला वीसेक पिल्लं झाली. नरही पिवळाच होता. पिल्लं सगळी तपकिरी निघाली.

बंगला माझ्या साडूंचा होता आणि साप त्यांचे होते. बोआ हा अजगराच्या जातकुळीतला, बिनविषारी, दक्षिण अमेरिकेतला साप. तो अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतो. काही घरांत तो काचेच्या पेटीत पाळला जातो. माझ्याकडेही एक होता. तो तपकिरी होता.

पिल्लं झाल्यानंतर आठवड्याभरात आमच्या दोन घरांत अशी चर्चा सुरू झाली की साडू डिसेंबरमध्ये लग्नासाठी पुण्याला गेले असताना मी माझा तपकिरी नर त्यांच्या मादीच्या पेटीत सोडला. या संशयाला दोन आधार होते. एक, त्या दिवसांत तिन्ही साप माझ्या घरी होते. दोन, मला त्यांच्या सापांचा मत्सर वाटत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

माझा साप २०१२ सालचा. मी तेव्हा मस्कतमधल्या एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर उपसंपादक होतो आणि अल अमेरातमध्ये दोन खोल्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. आमच्या कचेरीतला एक छायाचित्रकार नोकरी सोडून आपल्या देशात परत चालला होता. आखातातून कायमचा निघणारा माणूस शेवटच्या महिन्यात आपलं घर वाटून टाकतो. कुंड्या एकाला, मायक्रोवेव्ह दुसऱ्याला, उरलेला बासमती तिसऱ्याला. त्याचा साप कोणी घेत नव्हतं. मी घेतला. पेटी हातात देताना तो म्हणाला, "नर आहे, दोन वर्षांचा, खाण्याची कुरकुर नाही." तेवढीच माहिती मिळाली.

बायकोने एका अटीवर परवानगी दिली. सापाचे गोठवलेले उंदीर आणि आपली सुरमई एका फ्रीजरमध्ये राहणार नाहीत. हमरियातल्या एका दुकानातून जुना छोटा फ्रीजर आणला आणि तो बाल्कनीत लावला. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. दर शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं मिळून पेटीतलं पाणी बदलायचो. एसीने हवा कोरडी होते आणि साप कात नीट टाकत नाही, म्हणून पेटीच्या जाळीवर ओला पंचा घालायचो. पंचा पिळायचं काम तिचं. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की ती त्यांना इंग्रजीत सगळं समजावून सांगायची आणि शेवटी म्हणायची, "माय डॅडीज स्नेक." मी आतल्या खोलीतून ऐकायचो.

साडू पुढच्या वर्षी सोहारहून बदली होऊन मस्कतला आले. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, तेलक्षेत्राला यंत्रसामग्री पुरवणाऱ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर. मी त्यांना भाऊजी म्हणतो. ते मला लग्न ठरलं तेव्हापासून 'संपादक' म्हणतात. मी संपादक कधीच नव्हतो आणि हे त्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा ते पेटीसमोर वाकून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "यात दुसरे कलर येतात का हो?"

गाडीबद्दल विचारावं तसं त्यांनी विचारलं. मी म्हणालो की येतात.

थोड्याच महिन्यांत त्यांच्याकडे पिवळी मादी आली. युरोपातल्या एका पैदासकाराकडून, कागदपत्रांसह, विमानाने. बोआच्या अंगातला काळा रंग जन्मतः नसला की असा साप होतो. पांढरट अंगावर लिंबू आणि संत्र्याचे पट्टे, शेपटीकडे तांबडे ठिपके, डोळे गुलाबी. दिवाणखान्यात सोफ्याच्या मागे सहा फुटी पेटी होती आणि आत खास दिवे. माझी मुलगी काचेला नाक लावून बसली. जेवायला हाक मारली तरी उठली नाही.

त्यानंतर शुक्रवारी सकाळी ती अझैबाला जाऊ लागली. मावशी तिला घ्यायला गाडी पाठवायची. पंचा मी पिळू लागलो. शाळेत 'माय पेट' या विषयावर चित्र काढायचं होतं, तिने पिवळा साप काढला. बाईंनी ते वर्गात लावलं. सांगलीहून सासूबाईंचा फोन आला. त्या सापाचं नाव संध्याकाळनंतर घेत नाहीत, पण त्यांनीही विचारलं, "थोरल्या जावयांचं जनावर म्हणे सोन्यासारखं दिसतं. तुमचं कसंय?" बायको म्हणाली, "आमचं साधं आहे, आई."

आमचा बोआ कॉफीच्या रंगाचा होता. पाठीवर गडद खोगिरासारखे डाग, शेपटी विटकरी. रानात असतो तसाच. पाळणाऱ्यांच्या भाषेत याला 'नॉर्मल' म्हणतात आणि विक्रीच्या जाहिरातीत तो सगळ्यात खाली असतो.

मी वाचायला सुरुवात केली. सापाच्या रंगप्रकारांवर इंटरनेटवर जे उपलब्ध होतं ते वर्षभरात बरंचसं वाचून झालं. लाल रंग नसलेला बोआ जन्मतः राखाडी असतो, वय वाढलं की त्याच्या कडांना पिवळट झाक येते आणि नवखा माणूस त्याला दुसरंच काही समजतो. ज्याच्यात काळा कमी असतो त्याची शेपटी गुलाबीकडे झुकते. एक प्रकार जन्मतः साधाच दिसतो आणि वर्षागणिक काळा होत जातो. एकच बोआ दिवसा गडद आणि रात्री फिका दिसू शकतो. कात टाकायच्या आधी अंग मळकट होतं, डोळ्यांवर दुधी पडदा येतो. अशा वेळी रंग ठरवू नये. लाल दिव्याखाली तर मुळीच ठरवू नये. आणि काही गुण पोटात असतात, अंगावर दिसत नाहीत. अशा सापाच्या बाबतीत गिऱ्हाईक विकणाऱ्याचा फक्त शब्द विकत घेतं.

हे मी का वाचत होतो, ते लिहून ठेवतो. घरात सापातलं कळणारा माणूस मी होतो. मुलीच्या मनातला साप बदलला, तरी निदान कळणं माझ्याकडे राहावं, एवढाच हेतू होता. साडू व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरातींतले फोटो पाठवून विचारायचे, "संपादक, हा कुठला?" मी ओळखून सांगायचो. सांगितलं की बरं वाटायचं. त्यांनी मनात आणलं तर ते तो साप घेऊ शकतात, हेही लगेच आठवायचं.

२०१४ च्या नोव्हेंबरात त्यांनी दुसरा साप घेतला. कुरममधल्या एका बंगल्यात एक परदेशी अभियंता देश सोडण्याआधी घरातलं सामान विकत होता आणि त्यात एक पिवळा नर होता. साडूंना जोडी लावायची होती. त्यांनी मला आणि मुलीला गाडीत घेतलं. वाटेत ते आरशातून मागे पाहत तिला म्हणाले, "जोडी जमली की बेबीज होणार. पहिलं पिवळं बेबी कोणाचं?"

"माझं!"

"मराठीत सांग नीट."

"पहिला पिवळा पिल्लू माझा."

"पहिलं पिवळं पिल्लू. पण चालेल. प्रॉमिस."

मी खिडकीबाहेर पाहत होतो. दोन वर्षांपूर्वी तिने मला विचारलं होतं की आपल्या सापाला पिल्लं होतील का. त्याला जोडीदार नाही, असं मी म्हणालो होतो.

बंगल्यातल्या प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी होती, इस्त्रीच्या टेबलावरसुद्धा. साप गॅरेजमध्ये लाल दिव्याखाली होता. मी तो बाहेर उजेडात आणायला सांगितला. डोळे स्वच्छ होते, कात नुकतीच टाकलेली. अंगावर काळ्याचा कणही नव्हता. पाठीचा कणा टोचत नव्हता, तोंडात फेस नव्हता. मुलगी माझ्या शेजारी उभी राहून मी काय बघतोय ते बघत होती. ते मला आवडलं. मी गरजेपेक्षा जास्त वेळ लावला.

मग मी त्या अभियंत्याला विचारलं, "हा कुठल्या घराण्यातला?"

हा प्रश्न महत्त्वाचा होता. काळा रंग नसलेल्या बोआंची दोन वेगळी घराणी प्रचलित आहेत. प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या सापापासून, वेगळ्या माणसाकडे झाली. दोन्हींचे साप पिवळेच दिसतात. मुरलेले लोकही नुसतं पाहून खात्रीने सांगू शकत नाहीत, आईबाप कोण हे विचारावं लागतं. काळा रंग बनायला शरीरात अनेक पायऱ्या लागतात. एका घराण्यात एक पायरी मोडलेली असते, दुसऱ्यात दुसरी. एकाच घराण्याची जोडी लावली तर सगळी पिल्लं पिवळी होतात. वेगवेगळ्या घराण्यांची लावली, तर आईकडची मोडकी पायरी बापाकडून धड मिळते, बापाकडची आईकडून, आणि काळा रंग परत येतो. दोन पिवळ्यांची सगळी पिल्लं तपकिरी होतात.

अभियंत्याने खांदे उडवले. त्याने तो दुबईत दुसऱ्या कोणाकडून घेतला होता, आणि त्या माणसाचा फोन आता लागत नव्हता.

मी साडूंना बाजूला घेतलं. "भाऊजी, ठेवायला म्हणून घ्या. जोडीसाठी घेऊ नका. तुमच्या मादीचं घराणं कागदावर आहे, याचं माहीत नाही."

"पिवळा आहे ना?"

"पिवळा आहे."

"तीही पिवळी, हाही पिवळा. मग होणार काय, निळं?"

मी पायऱ्यांचं सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मग मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात, हसत म्हणाले, "संपादक, खरं सांगू? तुम्ही जळता."

मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"जळतो," मी म्हणालो. "पण घराणं विचारून घ्या."

"तुमचं हे पेपरवाल्यांचं नेहमीचं. चार ठिकाणी विचारल्याशिवाय साधा अपघात छापत नाही. तोवर माणूस बरा होऊन घरी जातो." ते अभियंत्याकडे वळले. "खलास, ठरलं. घेतला."

परतीच्या वाटेवर सापाची पेटी मुलीच्या मांडीवर होती.

नर लहान होता, तो मोठा व्हायला वेळ द्यावा लागला. त्या काळात विशेष काही घडलं नाही. मुलगी शुक्रवारी अझैबाला जात राहिली. माझा साप वाढत होता, साडूंच्या नरापेक्षा कितीतरी जाडजूड झाला होता. साडू आले की म्हणायचे, "काय तुमचा पैलवान!" नर बोआ थंडीच्या दिवसांत बरेचदा खाणं सोडतो असं मी वाचलं होतं. माझ्या सापाने एकाही हिवाळ्यात खाणं सोडलं नाही. त्याची प्रकृती चांगली आहे असा अर्थ मी घेतला.

२०१६ च्या डिसेंबरात साडूंच्या पुतणीचं लग्न निघालं. मस्कतमधला मराठी माणूस सुट्टीवर जाताना घराची किल्ली, तुळशीची कुंडी आणि फ्रीजमधली उरलेली भाजी मागे राहणाऱ्या आप्ताकडे देऊन जातो. त्यात ना विचारणं असतं ना हो म्हणणं. साडूंनी तिन्ही दिली, आणि दोन्ही साप दिले. पैदाशीचा हंगाम होता. पिवळ्या जोडीला मधूनमधून एकत्र ठेवायचं आणि पुन्हा वेगळं करायचं, असं त्यांनी समजावून सांगितलं.

त्यांच्या पेट्या मुलीच्या अभ्यासाच्या खोलीत ठेवल्या. माझा साप हॉलमध्येच होता. त्याच्या पेटीला कुलूप नव्हतं. ते तीन आठवडे मुलगी शुक्रवारी सकाळी पुन्हा घरी होती. ती अभ्यासाच्या खोलीत दार लावून पेटीसमोर बसायची. मी दार ढकललं की म्हणायची, "बाबा, हळू. ते एकत्र आहेत." मी सांगितलं तसं सगळं केलं. पाणी बदललं, पंचे पिळले, जोडी एकत्र केली आणि वेगळी केली. दोन्ही पिवळे साप माझ्या हातांत होते तेव्हा ते मला फार सुंदर वाटले. आमच्या घरात ते पाहुणे आहेत हे मी एकदाही विसरलो नाही.

जानेवारीत साप परत गेले. मे महिन्यात पिल्लं झाली.

त्या शुक्रवारी आम्ही सगळे अझैबाला होतो. मुलगी आदल्या दिवसापासून छोटी पेटी धुऊन, पुसून, मांडीवर घेऊन बसली होती. ती आता तेरा वर्षांची होती. मागच्या खोलीत साडू गुडघ्यांवर बसून टॉर्चच्या उजेडात एकेक पिल्लू उचलून बघत होते. पेन्सिलीएवढी जाड, जिवंत, चपळ पिल्लं होती. डोळे काळे होते.

"पहिली कात टाकली की कलर येईल," साडू म्हणाले. ते माझ्याकडे पाहत नव्हते. "हो ना, संपादक?"

"नाही येणार, भाऊजी."

"का?"

"घराणी वेगळी असतील."

मुलीने रिकामी पेटी खाली ठेवली. साडूंनी हातातलं पिल्लू परत टबमध्ये सोडलं, उठले, हात धुतले आणि बाहेर जाऊन गाडी पुसायला लागले. गाडी पुसायला त्यांच्याकडे माणूस होता.

पिल्लांनी कात टाकली. रंग तोच राहिला.

मग ताईंचा, म्हणजे बायकोच्या बहिणीचा, फोन आला. बायको स्वयंपाकघरात फोन कानाला लावून फक्त "हं" आणि "अगं, काहीतरीच" म्हणत होती. फोन ठेवून ती हॉलमध्ये आली.

"अहो, ताई विचारतेय, डिसेंबरात आपला साप चुकून त्यांच्या मादीकडे गेला होता का."

"नाही."

"चुकून म्हणतेय ती."

"चुकूनही नाही."

"भाऊजी म्हणतात, पिल्लं अगदी तुमच्या सापावर गेलीयेत. ठिपक्यानं ठिपका. आणि म्हणतात, कुरमला तुम्ही स्वतःच कबूल केलं होतं."

"काय?"

"की तुम्ही जळता म्हणून."

बचावाची बाजू कमकुवत होती. तपकिरी पिल्लं दोन्ही कारणांनी होऊ शकत होती: नराचं घराणं वेगळं असेल तरी, आणि माझा नर बाप असेल तरी. पिल्लांकडे पाहून कारण सांगता येत नव्हतं. नराचं घराणं सांगू शकणारा माणूस दुबईत होता आणि त्याचा फोन बंद होता. हेतू माझ्याकडे होता, संधी माझ्याकडे होती. हीच बातमी डेस्कवर माझ्यासमोर आली असती तर 'आरोप फेटाळला' ही ओळ मी शेवटच्या परिच्छेदात टाकली असती.

बायकोने माझ्यावर विश्वास ठेवला, निदान तसं म्हणाली. पुढचा शुक्रवार मुलगी अझैबाला गेली नाही आणि हॉलमध्येही आली नाही. मला साडूंचं मत बदलायचं नव्हतं. मला मुलीला काय वाटतं हे कळायला हवं होतं, आणि विचारायचं कसं ते सुचत नव्हतं. मी पंचा पिळत असताना एका संध्याकाळी ती येऊन उभी राहिली.

"बाबा, तू केलंस?"

"नाही."

"पण तू जेलस होतास."

"हो."

"खूप?"

"खूप."

"काकांचा स्नेक यलो होता म्हणून?"

"तू तिकडे जायचीस म्हणून."

ती पेटीतल्या सापाकडे बघत राहिली. साप पाण्याच्या भांड्याभोवती वेटोळं घालून पडला होता. मग तिने विचारलं, "आपला स्नेक मेल आहे, हे कोणी सांगितलं?"

"ज्यांनी दिला त्यांनी."

"त्यांनी चेक केलं होतं?"

"माहीत नाही."

"तू चेक केलंस?"

"नाही."

"इतकी वर्षं?"

"नाही."

"मग आपण चेक करू," ती म्हणाली.

प्राण्यांच्या दवाखान्याची वेळ तिनेच फोन करून घेतली. शनिवारी आम्ही साप उशीच्या अभ्र्यात घालून, अभ्रा पेटीत ठेवून नेला. ती पेटी मांडीवर घेऊन बसली होती. नर निघाला तर प्रश्न जिथे होता तिथेच राहणार होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

डॉक्टर केरळच्या एक बाई होत्या. सापाचं वजन पाहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नर बोआच्या शेपटीच्या मुळाशी आत खोल पोकळी असते, मादीच्या फार थोडी. बोथट टोकाची बारीक सळई तेल लावून हलकेच आत सरकवतात आणि ती कुठवर जाते ते बघतात. मी सापाचं डोकं धरलं. मुलीने मधलं अंग दोन्ही हातांनी पेललं. सळई आत गेली आणि लगेच थांबली. डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूने पाहिलं. तिथेही थांबली.

"फीमेल," त्या म्हणाल्या. "यात शंका नाही. एवढी मोठी, आणि तुम्ही हिला नर समजत होता?"

मुलीने तिथूनच काकांना फोन लावला. स्पीकर चालू नव्हता, तिचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं.

"काका, आमचा स्नेक फीमेल आहे... नाही, आत्ता. डॉक्टरनी चेक केलं... मी होते ना, मी पकडला होता... नाही, बाबांनी सांगितलं नाही फोन करायला." मग ती थोडा वेळ ऐकत राहिली. "हो. बाबांनी सांगितलं होतं, कुरमला. मी तिथे होते." तिने फोन खिशात ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ओके."

पुढच्या शुक्रवारी ती अझैबाला गेली आणि तपकिरी पिल्लांपैकी एक मागून घेऊन आली. पिवळ्यासाठी धुऊन ठेवलेल्या पेटीत तिने ते ठेवलं. आता जाळ्या दोन झाल्या होत्या, म्हणून ती पंचे दोन पिळू लागली. बाकीची पिल्लं साडूंनी ओळखीच्या एका प्राण्यांच्या दुकानात देऊन टाकली. ताईंनी बायकोला फोन करून आंब्याच्या रसाच्या डब्यांबद्दल विचारलं. सापांचा विषय त्यात निघाला नाही.

जुलैत साडू सहकुटुंब महिनाभराच्या सुट्टीवर गेले. घराची किल्ली आणि तुळशीची कुंडी आमच्याकडे होती. पिवळे साप हमरियातल्या त्यांच्या एका ओळखीच्या माणसाकडे ठेवले होते.